दोन लिटर रॉकेल

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज
पाहुण्यासारखी यायची, अवेळी,
आणि टेकायचीही नाही.
जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये आम्ही अकराजणी,
अंगात दोन-दोन स्वेटर, तोंडातून वाफ,
आणि कंदील एकच.

नाझिब्रोलाबाई तो उचलून आणायच्या
माझ्या बीमपाशी.
स्कार्फच्या टोकानं काजळी पुसायच्या,
वात वर करायच्या, म्हणायच्या,
“हं, लिआना. पाय ताण. बघतेय मी.”

बघतेय मी.
बाकी दहाजणींना हे वाक्य
कधी मिळालं नाही.
त्यांच्या वाट्याला उरलेला हॉल:
भिंतीकडचे बार, उसवलेली गादी,
आणि धप्प.
कोण पडलं ते आम्ही आवाजावरून ओळखायचो.
एतेरी उतरली की आवाज यायचा नाही.

एतेरी, आठवतं तुला?
तू अंधारात हातांना खडू लावून टाळी वाजवायचीस,
ढग दिसायचा नाही,
नुसता नाकाशी यायचा.
बीमची ती दहा सेंटिमीटर रुंदी
मी डोळ्यांनी शिकले, तू तळपायांनी.
हातावर उभी राहिलीस की
तुझी मनगटं माझ्यापेक्षा सरळ असायची.
हे मला तेव्हाही माहीत होतं.
तेव्हाही मी गप्प होते.

तिबिलिसीच्या स्पर्धेला जागा एक.
नाव वाचण्याआधी बाईंनी घसा खाकरला
आणि कागदाकडे बघितलंच नाही.
बसमध्ये त्यांनी मला शेजारी बसवलं,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ
अर्धी मोडून दिली.
मी सातवी आले.
परतताना उरलेली अर्धीही दिली.

आता खरं सांगते.
कंदील आमचा होता.
रॉकेलही आमचंच.
वडील रेल्वेच्या डेपोत होते,
दर सोमवारी दोन लिटर,
लोणच्याच्या बरणीत, कोटाच्या आत.
बाईंच्या टेबलाखाली बरणी सरकवून
ते टोपी काढायचे, पुन्हा घालायचे, निघायचे.
त्यातलं हॉलमध्ये किती जळायचं
आणि बाईंच्या घरी किती,
जिथे त्यांची आई रात्रभर खोकायची,
ते कुणी मोजलं नाही.

झुकतं माप म्हणतात ना लोक.
आमचं माप पत्र्याचं होतं,
काठाला पोचा आलेलं.
वडील ते ओतायचे
थेंब न सांडता, अगदी सरळ.

म्हातारपणी बाईंकडे मी तीनदा गेले,
विचारायचंच ठरवून:
मी चांगली होते का?
तीनदा त्यांनी चहा केला.
तीनदा माझा तळवा उलटा करून
जुने घट्टे चाचपले, म्हणाल्या,
“लाडकी माझी.”
आणि मी चहा पिऊन आले.
चौथ्यांदा गेले तेव्हा दारात लोक उभे होते.

आता हॉलमध्ये चोवीस ट्यूबलाइट आहेत.
शिट्टी माझ्या गळ्यात आहे.
मागच्या आठवड्यात एका मुलीचा बाप
टेबलावर मधाची बरणी ठेवून गेला.
मी रस्त्यापर्यंत धावत जाऊन परत केली.
तेव्हापासून त्या मुलीकडे
मी नीट बघितलेलं नाही.
काल ती बीमवरून उतरून
माझ्याकडे बघत राहिली,
आणि मी दुसऱ्याच कुणाला म्हणाले,
पाय ताण.

तुझं पत्र आलं नेपल्सहून.
म्हातारीचं सगळं तूच करतेस,
रात्री दोनदा उठून पाणी देतेस.
दिवा लावत नाहीस, लिहितेस,
उगाच तिची झोप मोडते,
आणि खोलीत इतकं सामान असूनही
अजून कशाला धडकले नाहीये मी.